भोपळ्याच्या पुढचे शब्द

"किती वाढवू, काका?" नागमणीने पडद्यावरची नजर न हलवता विचारलं.

मी तिच्या खुर्चीमागे वही उघडून उभा होतो. वहीत माझ्याच अक्षरात पहिली ओळ होती : 'प्रथम आतील यंत्र वाढवावे, थोडे थांबावे व मगच नक्कल करावी.' थोडे म्हणजे किती, ते ओळीत नव्हतं. मला वाटलं, ती मिनिटं विचारते आहे.

"दहा," मी म्हणालो.

"दहाच? शब्दकोश अजून बराच व्हायचाय म्हणालात ना."

शब्दकोशाचा आणि मिनिटांचा संबंध मला कळला नाही. पण संगणकाच्या बाबतीत काही न कळणं ही माझी रोजचीच गोष्ट होती.

"मग वीस करा," मी म्हणालो.

ती जरा थांबली. आधी नक्कल उतरवून घेऊ आणि मग वाढवू, तसं जास्त सुरक्षित, असं काहीतरी म्हणाली. ते ऐकून मात्र मी घाबरलो. नेमकं हेच करू नका, असं होटकर सांगून गेले होते.

"नाही, नाही. आधी वाढवायचंच," मी म्हणालो. "वहीत क्रम लिहिलाय. तो मोडायचा नाही."

आयुष्यात मी इतक्या ठामपणे फार कमी वेळा बोललो असेन. तिने मान हलवली. पडद्यावरची आतली खिडकी काळी झाली आणि मला हायसं वाटलं. मग तिने एका चौकटीत आकडे भरले. ते मी पाहिले. पण त्यांचा अर्थ विचारण्याचा धीर झाला नाही.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. सोलापुरातल्या अंधांच्या एका संस्थेच्या ब्रेल छापखान्यात मी मुद्रितशोधक होतो. डोळस माणसाचं तिथे काम एवढंच, की छापील पुस्तक मोठ्याने वाचायचं. बसवंत इंडीकर मास्तर ते सहा कळांच्या फळीवर ब्रेलमध्ये उतरवायचे. मास्तरांची नजर चौथ्या वर्षी देवीत गेली होती. या गोष्टीच्या वेळी ते अडुसष्ट वर्षांचे होते आणि नऊ वर्षांपासून आम्ही दोघं एक मराठी शब्दकोश ब्रेलमध्ये करत होतो. मी शब्द आणि अर्थ वाचायचो, ते टिपायचे. तेवढा मोठा कोश बोटांनी वाचता येईल असा आम्हाला तरी कुठे मिळाला नव्हता. मास्तरांना तो हवा होता. लहानपणी एखादा शब्द अडला तर त्यांना कुणा डोळस माणसाची वाट बघावी लागायची आणि तो माणूस घाईत असला तर चुकीचा अर्थ सांगून मोकळा व्हायचा, असं ते नेहमी सांगत.

कोश ज्या जुन्या प्रोग्राममध्ये होता तो नव्या संगणकावर चालत नव्हता. जुना संगणक मरायला टेकला तेव्हा होटकर नावाच्या तंत्रज्ञाने एक युक्ती केली. त्यांनी त्या जुन्या संगणकाची संपूर्ण डिस्क जशीच्या तशी एका फाइलीत उतरवली आणि ती फाइल नव्या संगणकाच्या आत चालू केली. म्हणजे संगणकाच्या आत आणखी एक संगणक, खोटा, पण अगदी खऱ्यासारखा वागणारा. मास्तर त्याला 'पोटातलं मशीन' म्हणत. होटकर पुढे हैदराबादला गेले. जाताना त्यांनी एका कागदावर सूचना खरडून ठेवल्या. त्यांचं अक्षर वाचवत नव्हतं म्हणून मी त्या वहीत सुवाच्य उतरवून घेतल्या.

आता तो नवा संगणकही जुना झाला होता. त्याच्या डिस्कमधून दिवसभर बारीक टकटक ऐकू येई. संस्थेने दुसरा घेतला आणि पोटातलं मशीन तिकडे न्यायला एका कंपनीने नागमणी गज्जम यांना पाठवलं. पस्तिशीच्या असतील. साखर पेठेत राहणाऱ्या, घरी तेलुगू, शाळाही तेलुगू माध्यमाची, मराठी हा तिथे एक विषय. त्यांनी पहिल्याच तासात मला 'तुम्ही' म्हणू नका म्हणून सांगितलं होतं. संस्थेच्या सचिव परांडेकर बाई यांनी तिला सकाळीच बजावलं होतं, की आष्टेकरांच्या, म्हणजे माझ्या, वहीबाहेर एक पाऊल टाकायचं नाही.

नक्कल उतरायला तास-दीड तास लागला. नव्या संगणकावर ती सुरू केली तर पोटातलं मशीन पहिल्या झटक्यात उठलं. तीच जुनी निळी पाटी, तोच प्रोग्राम. नागमणीने समाधानाने हात झटकले. इतक्यात मास्तर दाताच्या डॉक्टरकडून परत आले. गाल सुजलेला, तोंडात कापूस. तरी आल्या आल्या खुर्चीत बसले आणि ब्रेल पट्टीवर बोटं ठेवली. ही पट्टी म्हणजे चाळीस अक्षरांची एक ओळ. पडद्यावर जे असेल ते टाचण्यांच्या टोकांनी खालून वर येतं.

त्यांनी कोशाच्या शेवटी जायची कळ दाबली. बोटं एकदा डावीकडून उजवीकडे गेली. पुन्हा गेली.

"आष्टेकर," कापसातून ते म्हणाले, "हे भोपळ्यावर थांबलंय."

मला वाटलं, दात काढल्यामुळे त्यांचा शब्द नीट उमटला नसेल. मी पडद्यात पाहिलं. शेवटची नोंद खरंच 'भोपळा' होती. पुढे कोरं.

त्या दिवशी सकाळी मास्तरांनी 'सुरवंट' हा शब्द टिपला होता. भोपळ्यापासून सुरवंटापर्यंत, म्हणजे सगळा म, य, र, ल, व, श आणि अर्ध्याहून जास्त स. अठरा महिन्यांचं काम.

"जुन्यावर असेल की," मास्तर म्हणाले. आवाज शांत होता. पण त्यांची बोटं पट्टीवरून उठत नव्हती.

नागमणी जुन्या संगणकाकडे वळली. तिथे पोटातलं मशीन उठेचना. एकच इंग्रजी वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं. तिने ते तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा सुरू करायला गेलेला हात स्वतःच मागे घेतला. मग ती कसल्याशा फोल्डरात शिरली, त्यातून दुसऱ्यात.

"दोन फायली आहेत," शेवटी ती म्हणाली. "मला एकच माहीत होती."

तिने सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. अठरा महिन्यांपूर्वी होटकरांनी काही बदल करून पाहण्याआधी त्या डिस्कवर एक खूण केली होती. अशी खूण केली की जुनी फाइल तिथेच गोठते आणि त्यानंतर लिहिलेलं सगळं वेगळ्या, दुसऱ्या फाइलीत जात राहतं. दुसरी पहिलीवर उभी असते, भिंत पायावर असते तशी. होटकर ती खूण पुसायला विसरले होते आणि दुसरी फाइल भलत्याच ठिकाणी पडून होती.

"मी पाया वाढवला," ती म्हणाली. "वीस जीबी. आता भिंत म्हणते, हा माझा पायाच नाही."

"वाढवला?" मास्तर म्हणाले. "तो कशाला वाढवायचा?"

तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात वही होती. त्या क्षणी मला सगळं कळलं.

आमच्या घरात दिवा कधी कुणी विझवला नाही; तो वाढवायचा. दुकान बंद व्हायचं नाही, दुकान वाढवायचं. चालती, कमावती वस्तू 'बंद' म्हणायची नसते, ते अभद्र. छापखान्यातही संध्याकाळी मास्तर विचारत, "मशीन वाढवलं का?" होटकरांच्या कागदावर साधं लिहिलेलं होतं : 'आतलं मशीन बंद करा.' वहीत उतरवताना मला तो शब्द रांगडा वाटला होता. मी तो सुधारला होता. सुधारून झाल्यावर मूळ कागद फाडून टाकला होता.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात परांडेकर बाई आत आल्या.

बाई निवृत्त मुख्याध्यापिका. काय झालं ते त्यांनी उभ्याउभ्याच ऐकून घेतलं आणि माझ्या हातातली वही घेऊन पहिली ओळ मोठ्याने वाचली.

"वाढवावे म्हणजे बंद करावे," त्या नागमणीला म्हणाल्या. "हे चौथीतल्या पोरालाही कळतं. मराठी येत नाही तर विचारायचं होतंत."

"माझं मराठी पुस्तकातलं आहे बाई," नागमणी म्हणाली. "पुस्तकात वाढवणे म्हणजे मोठं करणे."

"मग विचारायचं."

विचारलं होतं, असं ती म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. ती म्हणाली नाही. फक्त माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं, ती मला वेळ देत होती.

"माझंच काहीतरी चुकलं असेल," मी म्हणालो.

"तुमचं काय चुकणार," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघताच पुढे बोलू लागल्या. 'माझंच चुकलं असेल' हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणायचो. पंखा पडला तरी म्हणायचो. कंपनीला फोन करून उद्यापासून दुसरं माणूस मागवते, मराठी कळणारं, असं सांगून बाई आपल्या खोलीत गेल्या.

मास्तर खुर्चीतून हलले नव्हते.

"पुन्हा भोपळ्यापासून करायचं तर अठरा महिने," ते म्हणाले. "आणि हा डोळस माणूस रोज आला पाहिजे, आणि माझी बोटं चालली पाहिजेत. हिवाळ्यात आता बधिर होतात ती." मग नागमणीला म्हणाले, "बाई, भिंत पडली का पायावरनं नुसती सरकलीय?"

"सरकलीय, असं वाटतं," ती म्हणाली. "पण आता काहीही दुरुस्त करायचं नाही. आधी जे मोडलंय ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. दोन ठिकाणी. दोन्ही फायली, सगळं. मग नकलेवर काय ते प्रयोग. मूळ फाइलीला हात नाही. हे सकाळीच करायला पाहिजे होतं."

शेवटचं वाक्य ती माझ्यासाठी बोलली की स्वतःसाठी, ते मला कळलं नाही.

पुढचे तास कसे गेले ते सांगता येणार नाही. मी खुर्चीवर बसायचो, उठायचो, मटक्यातलं पाणी प्यायचो, परत यायचो. डिस्कची टकटक वाढली होती, की मलाच ती जास्त ऐकू येत होती, कोण जाणे. दोनदा मी बाईंच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. फायली वाचल्या तर आपोआप सगळं मिटेल, असं मी मनाला सांगत होतो. वाचल्या नाहीत तर सांगून तरी काय उपयोग, असंही सांगत होतो. दोन्ही बाजूंनी मला सोयीचंच उत्तर मिळत होतं.

पहिली नक्कल झाली. आता बेरीज जुळवायची, असं नागमणी म्हणाली. मोठी फाइल नजरेने कोण तपासणार? म्हणून संगणक तिची बत्तीस अक्षरांची एक खूण काढतो, आकडे आणि ए ते एफ अशी अक्षरं मिसळून. मूळ फाइलीची आणि नकलेची खूण एक आली तर नक्कल खरी. संगणकच दोन्ही ताडून सांगतो, पण मास्तर म्हणाले, ज्या मशीनने घोटाळा केला त्याच्याच तोंडून 'बरोबर' ऐकणार नाही. आम्ही ताडणार, रोजच्यासारखं.

तिने मूळ फाइलीची खूण ब्रेल कागदावर उठवून दिली. मास्तरांनी त्यावर बोट ठेवलं. नकलेची खूण मी पडद्यावरून वाचू लागलो. पहिलाच आकडा चुकला. दुसराही. तिसराही.

"काहीच जुळत नाही," मास्तर म्हणाले.

"डिस्कने वाचताना कुठेतरी खाल्लं," नागमणी म्हणाली. तिने ती नक्कल पुसली आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी तिने संगणकाचं झाकण उघडून टेबलावरचा पंखा थेट डिस्कवर धरला. पुन्हा तासभर. या वेळी डिस्कने साथ दिली नाही तर काय, हे आम्ही तिघांनीही विचारलं नाही.

त्या तासात मास्तर बाकावर आडवे झाले. मी नागमणीजवळ गेलो.

"तुम्ही विचारलं होतं. बाईंना सांगितलं का नाहीत?" मी हळूच म्हणालो.

"तुम्ही पुन्हा तुम्ही म्हणालात," ती म्हणाली. मग पंखा जरा वळवून, "मी सांगितलं तर ती चुगली. तुम्ही सांगितलं तर खरं. आणि काका, मी पण विचारायला पाहिजे होतं की, वीस काय. तुमच्या मनात काय वीस होते?"

"मिनिटं," मी म्हणालो.

ती हसली. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम थांबली. या कंपनीत तिला चारच महिने झाले होते. याआधी ज्या ठिकाणी होती तिथे एका गिऱ्हाइकाच्या एका फोनवर तिला घरी बसवलं होतं. हे तिने तक्रारीच्या सुरात नाही, टकटक ऐकता ऐकता सांगितलं.

दुसरी नक्कल झाली. मी वाचायला लागलो आणि मास्तर बोट सरकवू लागले. "चार. एफ. नऊ. नऊ. शून्य. डी." मास्तर दर अक्षराला "हूं" म्हणत. अठरा अक्षरं झाली. एकोणिसावं मी वाचलं आणि "हूं" आलं नाही.

"काय म्हणालात?"

"ए."

"इथं एक आहे."

मी पडद्याकडे पुन्हा वाकलो. नागमणी मात्र लगेच म्हणाली, "पुढचे जुळतात का बघा."

पुढचे तेराही जुळले.

"मग फाइल बरोबर आहे," ती म्हणाली. "फाइलीत एक कण जरी बदलला तरी सगळीच खूण बदलते, मघाशी बदलली तशी. एकच अक्षर चुकलं म्हणजे चूक वाचण्यात आहे."

"मीच चुकीचं वाचलं असेल," मी म्हणालो.

"थांबा ओ," मास्तर म्हणाले. ते बोट एकोणिसाव्या अक्षरावर आणून घासत होते. ब्रेलमध्ये 'ए' आणि 'एक' यांचं टिंब एकच असतं. आकडा असेल तर त्याच्या आधी आकड्याची खूण येते. आधीचं अक्षर आकडा होतं, आणि आकडा संपून अक्षर सुरू झालं हे दाखवणारं टिंब कागदावर नीट उठलं नव्हतं. त्यांनी नखाने चाचपलं. "हाय. बारीक हाय. ए आहे. माझं चुकलं, तुमचं नाही. दरवेळी तुमचंच कशाला असतंय?"

त्यानंतर नागमणी दुरुस्तीला लागली. मूळ फायली तिने बाजूला काढून ठेवल्या. एका नकलेवर काम सुरू केलं. दुसऱ्या फाइलीच्या पोटातच लिहिलेलं होतं, की आपला पाया केवढा होता. तो आकडा तिने काढला, वाढवलेला पाया नकलेत पुन्हा तेवढा केला, आणि भिंतीला पायाची ओळख पटेल अशी त्यांच्या नोंदींत दुरुस्ती केली. एकदा नाही जमलं. नक्कल टाकून दिली, दुसरी घेतली. पुन्हा नाही जमलं. ऊन खिडकीतून टेबलावर आलं. तिसऱ्यांदा तीच निळी पाटी आली आणि प्रोग्राम उघडला.

मास्तरांना उठवावं लागलं नाही. ते बोटं पुढे करूनच बसले होते. त्यांनी शेवटाला जायची कळ दाबली.

"सुरवंट," ते म्हणाले. मग मागे मागे गेले. "सुपारी. सावरी. समई. वेखंड. लव्हाळा." ते वाचत राहिले, कुठला तरी शब्द, मग दुसराच कुठला. आम्ही दोघं उभे होतो. त्यांचा सुजलेला गाल ओला झाला होता आणि ते त्यांच्या लक्षात नव्हतं.

परांडेकर बाईंना कळवलं तेव्हा त्या आनंदाने धावत आल्या. देवाची कृपा म्हणाल्या. कंपनीत साहेब बाहेर गेलेत, ते आले की त्यांना फोन करणारच आहे, असंही म्हणाल्या. "झालं गेलं ठीक, पण ही जोखीम आपण पुन्हा घ्यायची नाही," हे त्या नागमणीच्या समोरच बोलल्या. नागमणी वायरी गुंडाळत होती.

"बाई," मी म्हणालो. "मूळ कागदावर 'बंद करा' असं होतं. 'वाढवावे' मी केलं."

"बरं."

"त्यांनी मला विचारलं होतं, किती वाढवू. मी वीस सांगितलं. आधी नक्कल करू म्हणत होत्या. मी करू दिली नाही."

बाईंनी माझ्याकडे मायेने पाहिलं. खरंच मायेनेच.

"आष्टेकर, तुमचा स्वभाव का मला माहीत नाही? मागे नळ फुटला तेव्हाही तुम्ही तुमचंच चुकलं म्हणाला होतात. दुसऱ्याचं अंगावर घ्यायची सवय बरी नव्हे." आणि त्या गेल्या.

मी तिथेच उभा राहिलो. खरं बोललो होतो, आणि ते खोटं ठरलं होतं. तीस वर्षं मी 'माझं चुकलं' एवढ्या वेळा म्हटलं होतं, की त्या शब्दांत आता काही उरलंच नव्हतं. नागमणीने पिशवी खांद्याला लावली, मास्तरांना नमस्कार केला, मला "येते काका" म्हणाली आणि गेली.

"दार लावा," मास्तर म्हणाले. मी लावलं. "खरं आहे का ते? वीस?"

"हो."

"मग तोंडाने सांगू नका. तुमच्या तोंडाचं कुणी धरत नाही. लिहा. तिच्या कंपनीला."

मी कागद घेतला आणि लिहून त्यांना वाचून दाखवलं. 'महोदय, आपल्या तंत्रज्ञ श्रीमती गज्जम यांच्या हातून आमच्या संस्थेत जी गफलत झाली असे म्हटले जाते, तीत बहुधा माझ्या शब्दयोजनेचाही थोडाफार वाटा असावा, असे नम्रपणे वाटते.'

मास्तरांनी कापूस काढून थुंकदाणीत टाकला.

"यात कुणी काय केलं ओ?" ते म्हणाले. "शब्दयोजना कोण? छापखान्यात कामाला आहे का ती?"

मी 'शब्दयोजना' खोडलं.

"बहुधा काढा. थोडाफार काढा. म्हटले जाते काढा, कोण म्हणतंय? नम्रपणे पण काढा. नम्र असाल तर दिसेल."

नऊ वर्षं मी वाचत होतो आणि ते टिपत होते. त्या दुपारी मी टिपत होतो. खोडता खोडता जे उरलं ते असं : 'मूळ सूचनेत मशीन बंद करा असे होते. तो शब्द मी बदलला. श्रीमती गज्जम यांनी विचारले तेव्हा मी चुकीचे उत्तर दिले. आधी नक्कल करू असे त्या म्हणाल्या. मी करू दिली नाही. फायली वाचल्या त्या त्यांच्यामुळे वाचल्या.'

"आता वाचा सगळं," मास्तर म्हणाले.

मी वाचलं.

"खाली काय?"

खाली मी 'एक हितचिंतक' लिहिलं होतं. तेही वाचून दाखवलं.

"हितचिंतक," मास्तरांनी ते ऐकून पुन्हा उच्चारलं. "निनावी पत्राला केराची टोपली असते आष्टेकर. नाव घाला."

पुस्तकात लेखकाचं नाव असतं, छापणाऱ्याचं असतं. मुद्रितशोधकाचं कुठेच नसतं. मी 'धुंडिराज केशव आष्टेकर' असं लिहिलं तेव्हा ते अक्षर मलाच परकं वाटलं.

कंपनीचं ऑफिस सहाला बंद व्हायचं. मी सायकल काढली. पोचलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. तिथल्या साहेबांनी माझं पत्र एकदा वाचलं आणि मला खुर्ची दिली. परांडेकर बाईंचा फोन दहा मिनिटांपूर्वीच येऊन गेला होता, तिला पुन्हा पाठवू नका म्हणून.

"फोन एक म्हणतो, कागद एक म्हणतो," ते म्हणाले. "आम्ही कशाचं धरायचं?"

"कागदाचं," मी म्हणालो. "त्यावर माझी सही आहे."

त्यांनी पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग हे तिच्या फायलीला लावतो आणि बाईंशी उद्या मीच बोलतो, असं म्हणून त्यांनी नागमणीला आत बोलावलं. ती मला पाहून दारातच थबकली. साहेबांनी कागद तिच्या हातात दिला. ती मराठी सावकाश वाचायची, ओळीखालून बोट नेत. तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"काका, हे 'मी करू दिली नाही'," ती म्हणाली, "एवढं कशाला? हे काढलं तरी चालेल की."

"राहू दे," मी म्हणालो.